चावी टाकून कोण गेलं?

अमेरिकेतल्या २००८च्या घरबाजाराची गोष्ट आपल्याकडे एकाच चालीत सांगितली जाते. ऐपत नसलेल्या लोकांनी मोठमोठी घरं घेतली, भाव पडल्यावर घराची चावी पाकिटात घालून बँकेला पाठवून दिली आणि हात झटकून निघून गेले. आपल्याकडे मात्र माणूस बायकोचे दागिने गहाण ठेवेल, पण हप्ता चुकवणार नाही, म्हणून आपण वाचलो. फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये, पैशांचं शहाणपण शिकवणाऱ्या रील्समध्ये, बँकेतून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या तोंडी ही गोष्ट कधी ना कधी तुम्हीही ऐकली असेल. शेवटी 'संस्कार' हा शब्द ठरलेला.

ही गोष्ट उलटी आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्यांची घरं कर्जापेक्षा स्वस्त झाली, त्यांच्यातले बहुतेक लोक हप्ता भरत राहिले. चावी टाकण्यात ज्यांना जराही संकोच वाटला नाही, त्यांत मोठाल्या वित्तसंस्था होत्या. आणि या घरमालकांना वाचवायला म्हणून सरकारने जी सगळ्यात गाजलेली योजना आणली, तिने त्यांच्या मुद्दलातला एक डॉलरही कमी केला नाही.

आधी हिशोब सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा राग कळणार नाही.

समजा २००६ मध्ये कोणी अडीच लाख डॉलरचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी, तीस वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता सुमारे १,५८० डॉलर. अमेरिकेत असा दर तीसही वर्षं स्थिर राहतो, आपल्यासारखा रेपो रेटबरोबर नाचत नाही. बाजारात दर उतरले की तिथला माणूस रिफायनान्स करतो, म्हणजे नवं स्वस्त कर्ज काढून जुनं फेडतो. आपल्याकडे ज्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात, त्याचाच मोठा भाऊ. २०१२च्या सुमारास दर चार टक्क्यांच्याही खाली गेले होते. अडीच लाखांवर चार टक्के म्हणजे हप्ता १,१९४ डॉलर. महिन्याला पावणेचारशेहून जास्त वाचतात.

पण नवं कर्ज मिळायला घराची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त असावी लागते. साधारण नियम असा, की कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत हवं. २००६ ते २०१२ या काळात देशभरातल्या घरांच्या किमती सुमारे तीस टक्क्यांनी पडल्या. लास व्हेगास आणि फिनिक्समध्ये तर निम्म्याहूनही खाली आल्या. अडीच लाख कर्ज असलेल्या घराची किंमत सव्वा लाख झाली. अशा घराला तिकडे 'अंडरवॉटर' म्हणतात, पाण्याखाली गेलेलं. कोअरलॉजिक या कंपनीच्या आकडेवारीनुसार २००९च्या अखेरीस अशी घरं १ कोटी १३ लाख होती, म्हणजे कर्ज असलेल्या दर चार घरांमागे जवळजवळ एक. नेवाडा राज्यात ७० टक्के.

म्हणजे दर सगळ्यांसाठी उतरले, पण ज्यांना उतरलेल्या दराची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्यासाठी दार बंद. घर विकावं तर विकून कर्ज फिटत नाही. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली तरी जाता येत नाही. बसून भरत राहायचं.

यावर उपाय म्हणून आलेल्या योजनेचं नाव हार्प, होम अफोर्डेबल रिफायनान्स प्रोग्रॅम. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी अरिझोनातल्या मेसा गावी, एका हायस्कूलमध्ये, गृहकर्जदारांसाठीचं जे पॅकेज जाहीर केलं, त्यातला हा एक भाग. चाळीस ते पन्नास लाख कुटुंबांना फायदा होईल असं सांगितलं गेलं. कर्ज घराच्या किमतीच्या १०५ टक्क्यांपर्यंत असेल तरी रिफायनान्स मिळेल, अशी सवलत. म्हणजे शंभराचं घर असेल तर कर्ज एकशे पाचपर्यंत चालेल. फिनिक्सच्या आसपास, जिथे लोकांची कर्जं किमतीच्या दीडपट-दुप्पट झाली होती, तिथे उभं राहून हे सांगणं म्हणजे छातीपर्यंत पाण्यात असलेल्याला गुडघ्याएवढी शिडी देणं होतं. काही महिन्यांनी १२५ टक्के केलं. मर्यादा पूर्ण काढून टाकण्याचं जाहीर व्हायला ऑक्टोबर २०११ उजाडला. तोवर योजनेतून सुमारे नऊ लाखच रिफायनान्स झाले होते.

मी पुण्यात बसून कर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. नेमकं सांगायचं तर पात्रता तपासणारे नियम: अमुक उत्पन्न, अमुक सिबिल स्कोअर, अमुक टक्के तारण, असेल तर पुढे, नसेल तर बाहेर. त्यामुळे एखादी सरकारी योजना वाचताना मी भाषण सोडून आधी अटी वाचतो. हार्पच्या अटींमध्ये माणसाच्या गरजेबद्दल जवळजवळ काही नव्हतं. मुख्य अट होती, की तुमचं कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या दोनपैकी एका संस्थेच्या मालकीचं किंवा हमीचं असावं, आणि त्या संस्थेकडे ते ३१ मे २००९ पर्यंत गेलेलं असावं. दुसरी अट: गेल्या सहा महिन्यांत एकही हप्ता थकलेला नसावा, आणि वर्षभरात फार तर एक.

पहिल्या अटीचा अर्थ नीट कळायला अमेरिकेतलं गृहकर्ज कसं फिरतं ते माहीत हवं. तुम्ही ज्या बँकेकडून कर्ज घेता ती बहुतेकदा ते स्वतःकडे ठेवत नाही, विकून टाकते. काही कर्जं फॅनी-फ्रेडीकडे जातात, काही वॉल स्ट्रीटवरच्या खाजगी रोख्यांच्या गठ्ठ्यात बांधली जातात. कुठलं कुठे जाईल हे कर्जदार ठरवत नाही, आणि बऱ्याचदा त्याला कळतही नाही. म्हणून फॅनी आणि फ्रेडीने आपापल्या वेबसाइटवर एक सोय ठेवली होती: पत्ता टाका आणि तुमचं कर्ज आमच्याकडे आहे का ते पाहा.

माझी मावशी आणि काका तेव्हा अरिझोनातल्या चँडलरला राहायचे. काका चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होते. २००६ मध्ये त्यांनी २ लाख ८० हजारांचं कर्ज काढून घर घेतलं. साडेसहा टक्के, तीस वर्षं. आपल्या गोष्टीतल्या त्या 'ऐपत नसलेल्यांपैकी' ते नव्हते; पगार चांगला होता, डाऊन पेमेंट भरलं होतं, हप्ता एकदाही चुकला नव्हता. पाच वर्षांनी घराची किंमत कर्जाच्या निम्म्याच्या आसपास आली. हार्प जाहीर झाल्यावर काकांनी दोन्ही वेबसाइटवर पत्ता टाकून पाहिला. दोन्हीकडे 'नाही'. त्यांचं कर्ज खाजगी गठ्ठ्यात गेलं होतं. शेजारचं घर त्याच बिल्डरचं, त्याच नकाशाचं, त्याच वर्षी घेतलेलं. त्या शेजाऱ्याचं कर्ज फॅनीकडे होतं. मर्यादा उठल्यावर त्याने चार टक्क्यांवर रिफायनान्स केलं. काका साडेसहाच भरत राहिले. उरलेल्या कर्जावर दोघांच्या हप्त्यात महिन्याला पाचशे डॉलरहून जास्त फरक पडला. दोन घरांमध्ये एक कुंपण, आणि कुठल्यातरी डेटाबेसमधला एक रकाना.

मी काकांना एकदा विचारलं होतं, "काका, मग तुम्ही सोडून का नाही दिलंत? अरिझोनात तर बँक घर घेते आणि विषय संपतो ना, बाकीच्या पैशांसाठी सहसा मागे लागत नाही." उत्तर मावशीनेच दिलं. "अरे, आपण हप्ता बुडवणारी माणसं आहोत का?" काका हसले आणि म्हणाले, "त्यातून ग्रीन कार्डची फाइल अडकलेली. क्रेडिट स्कोअर गेला की पुढे काय काय अडेल कुणास ठाऊक."

लाज आणि भीती. अरिझोना विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक ब्रेंट व्हाइट यांनी २००९ मध्ये याच विषयावर एक निबंध लिहिला होता. सोडून देणं आर्थिकदृष्ट्या फायद्याचं असतानाही बहुतेक लोक घर सोडत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता, आणि लाज अन् भीती हे त्यांचं उत्तर. ते पुढे म्हणतात की ही लाज आपोआप तयार होत नाही. सरकार, माध्यमं, बँका सगळे मिळून ती जोपासतात, आणि ती फक्त कर्जदारात जोपासतात. कर्ज देणारा मात्र नफ्या-तोट्याचा शुद्ध हिशोब करायला मोकळा. मावशीचं वाक्य सदाशिव पेठेतलं असेल असं तुम्हाला वाटलं असेल, तर तेच वाक्य तेव्हा ओहायोत आणि फ्लोरिडात लाखो स्वयंपाकघरांत इंग्रजीत बोललं जात होतं. संस्कारांचा मक्ता आपल्याकडे नाही.

आता चावी टाकणाऱ्यांकडे येऊ.

मॉर्गन स्टॅन्लीने २००७ मध्ये, बाजार शिखरावर असताना, सॅन फ्रान्सिस्कोतल्या ऑफिसच्या काही इमारती घेतल्या. डिसेंबर २००९ मध्ये त्यांतल्या पाच इमारती कर्ज देणाऱ्याला परत देऊन टाकत असल्याचं जाहीर केलं. कंपनी बुडाली नव्हती, हप्ता भरायला पैसे नव्हते असंही नाही. सौदा तोट्याचा ठरला, म्हणून सोडला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१० मध्ये, टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉक यांनी न्यूयॉर्कमधली स्टायव्हसंट टाऊन ही अवाढव्य वसाहत धनकोंच्या हवाली केली. २००६ मध्ये ती ५४० कोटी डॉलरना घेतली होती. त्यांचे संस्कार कुणी काढले नाहीत. व्यापारी पानांवर त्याला व्यावहारिक निर्णय म्हटलं गेलं.

आणि हे पाहा. मॉर्टगेज बँकर्स असोसिएशन ही गृहकर्ज देणाऱ्यांची संघटना. तिच्या प्रमुखांनी २००९च्या अखेरीस, घर सोडून देणारे लोक आपल्या कुटुंबाला आणि मुलांना काय शिकवण देतात, असा सवाल जाहीरपणे केला होता. याच संघटनेने २००७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मुख्यालयासाठी ७ कोटी ९० लाख डॉलरची इमारत घेतली होती, साडेसात कोटींचं कर्ज काढून. फेब्रुवारी २०१० मध्ये तीच इमारत ४ कोटी १३ लाखांना विकली गेली. साडेसात वजा ४.१३, गणित तुम्हीच करा. संघटनेची इमारतच पाण्याखाली होती, आणि ती तिथून निघून गेली. अमेरिकेतल्या विनोदी कार्यक्रमांनी त्यावर यथेच्छ हात धुऊन घेतले. आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये ही इमारत मला अजून सापडलेली नाही.

या सगळ्या चर्चेत एक शब्द सतत येत होता: 'मॉरल हॅझर्ड'. नुकसान दुसऱ्याने भरून दिलं तर माणूस पुढच्या वेळी बेफिकीर वागतो, असा त्याचा अर्थ. ओबामांच्या मेसातल्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी रिक सँटेली नावाचा टीव्ही पत्रकार शिकागोतल्या वायदेबाजाराच्या मजल्यावरून थेट प्रक्षेपणात ओरडला, की ज्या शेजाऱ्याने एक बाथरूम जास्तीचं असलेलं घर घेतलं आणि आता बिल भरू शकत नाही, त्याचं कर्ज तुमच्यापैकी कोण भरायला तयार आहे? आसपासच्या दलालांनी एकमुखाने नकार दिला. टी पार्टी चळवळीला ठिणगी त्या दिवशी पडली असं मानतात. मला त्यातली जागा गमतीची वाटते. वित्तीय बाजाराचा मजला, आणि चार महिन्यांपूर्वीच त्या बाजारातल्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद झालेली. एआयजी या विमा कंपनीने बड्या बँकांशी केलेले सौदे सरकारी पैशातून मिटवले गेले, तेव्हा त्या बँकांना डॉलरला डॉलर पूर्ण पैसे मिळाले. फारशी घासाघीससुद्धा नाही. त्या दिवशी मॉरल हॅझर्ड रजेवर होता बहुधा.

खरा घाव बसला तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न मुद्दलाचा होता.

पहिली जागा दिवाळखोरीचं न्यायालय. अमेरिकेत एखादा माणूस दिवाळखोरीत गेला, तर न्यायाधीश त्याच्या दुसऱ्या घरावरचं, भाड्याने दिलेल्या घरावरचं, अगदी बोटीवरचं कर्जसुद्धा त्या वस्तूच्या चालू किमतीपर्यंत खाली आणू शकतो. वरचा भाग बिनतारणी कर्ज ठरतो आणि त्याचं जे मिळेल ते धनकोने घ्यायचं. शेतकऱ्यांसाठी १९८६ पासून अशीच सोय आहे. फक्त एका गोष्टीला हात लावता येत नाही: माणूस स्वतः राहतो त्या घराचं कर्ज. सुट्टीतला बंगला वाचवता येतो, राहतं घर नाही. हा नियम बदलणारं विधेयक मार्च २००९ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि ३० एप्रिलला सिनेटमध्ये ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडलं. ते मांडणारे सिनेटर डिक डर्बिन त्याच सुमारास एका रेडिओ मुलाखतीत वैतागून म्हणाले होते, की ही जागा खरं तर बँकांच्याच मालकीची आहे. जागा म्हणजे अमेरिकेची संसद.

दुसरी जागा फॅनी आणि फ्रेडी. २००८च्या सप्टेंबरपासून या दोन्ही संस्था सरकारच्या ताब्यात होत्या आणि त्यांच्यावर एफएचएफए ही नियामक संस्था होती. तिचे हंगामी संचालक एडवर्ड डिमार्को. त्यांच्यापुढे प्रस्ताव होता, की पाण्याखालच्या काही कर्जदारांचं थोडं मुद्दल माफ करा. त्यातला मोठा वाटा अर्थखातं स्वतः भरून देईल. एफएचएफएच्याच आकडेमोडीत फॅनी-फ्रेडीचा यात ३६० कोटी डॉलरपर्यंत फायदा दिसत होता आणि करदात्यांचाही सुमारे शंभर कोटींचा, कारण घर जप्त करून विकण्यात त्याहून जास्त नुकसान होतं. ३१ जुलै २०१२ ला डिमार्कोंनी नकार दिला.

त्यांचं कारण मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणत होते की मुद्दल माफ होतंय हे कळलं, तर जे आज नेमाने भरतात तेही मुद्दाम हप्ते थकवतील, आणि तसे थोडे जरी निघाले तरी सगळा फायदा धुऊन जाईल. मी ज्या प्रकारचं काम करतो त्यात ही भीती रोज समोर असते. नियम लिहिला की त्या नियमाभोवती माणसं वागायला लागतात. पण या भीतीवर इलाज होते. फक्त ठरावीक तारखेच्या आधी थकलेल्यांनाच माफी द्या. किंवा माफीच्या बदल्यात पुढे घराचा भाव वाढला तर त्यातला हिस्सा धनकोला द्या, म्हणजे मुद्दाम थकवण्यात फारशी मजा उरत नाही. या कल्पना तेव्हा मांडल्या गेल्या होत्या. आणि हार्पकडे पुन्हा पाहा. तिथे जो हप्ता चुकवतो त्याला बाहेर ठेवणारी अट तीन ओळींत लिहिली होतीच ना? नेमाने भरणाऱ्यालाच मुद्दलातही सूट, असं लिहायला चौथी ओळ लागली असती.

ती ओळ कुणी लिहिली नाही, कारण मुद्दल कमी करणं म्हणजे कर्ज देणाऱ्याने आपल्या वहीत तोटा दाखवणं. जिथे जिथे धनकोच्या मर्जीवर मुद्दल कमी करणं ठेवलं, तिथे काय झालं ते पाहा. २००८ची 'होप फॉर होमओनर्स' ही योजना चार लाख कुटुंबांना मदत करेल असा अंदाज होता; प्रत्यक्षात हजारभरही कर्जं झाली नाहीत. २०१० मध्ये एफएचएची शॉर्ट रिफायनान्स योजना आली. त्यात आधीच्या धनकोने निदान दहा टक्के मुद्दल सोडायचं होतं. ती काही हजारांवर थांबली. आणि मुद्दलाला हात न लावणारी हार्प? २०१८च्या अखेरीस बंद होईपर्यंत तिच्यातून सुमारे ३५ लाख रिफायनान्स झाले. त्यातही बहुसंख्य कर्जं ८० ते १०५ टक्क्यांच्या गटातली, म्हणजे जेमतेम बुडालेली किंवा अजून काठावर असलेली. शिवाय २०११ नंतरच्या नियमांत तुमच्या जुन्याच बँकेला रिफायनान्स करणं सोपं ठेवलं होतं, दुसऱ्या बँकेला अवघड. स्पर्धा राहिली नाही, आणि जास्त बुडालेल्या कर्जदाराला जास्त दर लागला, हे नंतर अर्थतज्ज्ञांनी आकड्यांनिशी दाखवलं. म्हणजे बुडणाऱ्याला दिलेल्या दोराचंही भाडं घेतलं.

हार्पमुळे काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. काकांच्या शेजाऱ्याला विचारा, महिन्याला पाचशे डॉलर म्हणजे काय ते. पण त्याचीही अडचण हप्ता हलका होऊन संपली नव्हती. सुरुवातीचंच उदाहरण घ्या: अडीच लाखांचं कर्ज, घर सव्वा लाखाचं. चार टक्क्यांनी नव्याने तीस वर्षं सुरू केली, तर दहा वर्षं इमानेइतबारे भरूनही १ लाख ९७ हजार बाकी राहतात. दहा वर्षांत घराचा भाव साठ टक्के वाढला, तेव्हा कुठे तो माणूस पाण्याच्या पातळीला आला. हप्ता कमी झाला की थकबाकी कमी होते. थकबाकी कमी झाली की बँकेच्या वहीतलं कर्ज चांगलं दिसतं, आणि तोटा दाखवावा लागत नाही. बँक-मदतीच्या पैशांवर नजर ठेवायला नेमलेले महानिरीक्षक नील बॅरोफ्स्की यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे, की हप्ते कमी करून देणाऱ्या अशाच दुसऱ्या एका योजनेबद्दल अर्थमंत्री गाइथनर यांनी विमानतळाची उपमा दिली होती: अडचणीतलं विमान उतरण्याआधी धावपट्टीवर फेस पसरतात, तसं या योजना बँकांसाठी काम करतील. घरमालक हा त्या उपमेतला फेस.

सरकारला यापेक्षा वेगळं जमलं नसतं, असंही नाही. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या काळात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं गेलं. त्याने अडचणीतली सुमारे दहा लाख गृहकर्जं रोखे देऊन धनकोंकडून विकत घेतली आणि लोकांना पंधरा वर्षांची, पाच टक्क्यांची नवी कर्जं दिली. धनकोंना काही वेळा आपला हिस्सा सोडावा लागला. १९५१ मध्ये कामकाज आवरलं तेव्हा ही संस्था किरकोळ का होईना, नफ्यात होती. तिचा इतिहास स्वच्छ नाही. तिने शहरांचे जे नकाशे काढले त्यांत काळ्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या होत्या, आणि तिच्याही दर पाच कर्जदारांपैकी जवळजवळ एकाचं घर गेलं. पण कर्जाची मालकी आधी स्वतःकडे घेतली पाहिजे, मगच त्याच्या अटी बदलता येतात, एवढं १९३३च्या लोकांना कळत होतं. २००९ मध्ये कर्जाची मालकी कुठे आहे हे शोधायची वेबसाइट काढून काम भागवलं.

ज्यांची घरं जप्त झाली ती घरं हवेत विरली नाहीत. २०१२ पासून ब्लॅकस्टोनसारख्या कंपन्यांनी फिनिक्समध्ये, अटलांटामध्ये ती हजारोंनी विकत घेतली आणि भाड्याने दिली. पुढे भाव चढले. पडलेल्या भावाचा तोटा घरमालकाने सोसला, चढलेल्या भावाचा नफा नव्या मालकाला मिळाला. मावशी-काका २०१८ पर्यंत टिकले आणि घर विकून जेमतेम कर्जमुक्त झाले. बारा वर्षांचं व्याज आणि हाती शून्य. तरी ते स्वतःला नशीबवान म्हणतात.

तुम्ही विचाराल, हे सगळं इथे मराठीत कशाला? आपल्याकडे घरं अशी बुडत नाहीत. खरं आहे, सहसा नाही बुडत. रिझर्व्ह बँक किमतीच्या ७५ ते ९० टक्क्यांच्या वर कर्ज देऊ देत नाही. पण आपल्याकडे चावी टाकायचा पर्यायही नाही. घर लिलावात जाऊन पैसे पुरले नाहीत तर उरलेलं कर्ज तुमच्या मानगुटीवर राहतं. आणि संस्कारांची वाटणी अगदी तशीच आहे. दिवाळखोरी कायद्याखाली २०२१ मध्ये औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसाठी मुंबईच्या न्यायाधिकरणाने जो प्रस्ताव मंजूर केला, त्यात सुमारे ६४ हजार कोटींच्या दाव्यांपोटी बँकांना तीन हजार कोटींच्याही आतच मिळणार होते. पुढे अपिलात तो रद्द झाला, पण बँकांच्या समितीने आधी त्याला मान्यता दिली होती, हे लक्षात ठेवा. ९५ टक्के मुद्दल सोडायला तयार झालेली समिती कुणाला मूल्यं शिकवायला गेल्याचं ऐकलं नाही.

आणि आपल्या पिढीचं 'रिफायनान्स' कसं झालं? २०२१ मध्ये ५० लाखांचं कर्ज ६.७ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी घेतलं असेल तर हप्ता साधारण ३७,९०० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहावर गेला. तुमचा दर ९.२ झाला. पन्नास लाखांवर ९.२ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज होतं ३८,३००. तोवर थोडं मुद्दल फिटलेलं असलं, तरी जुना हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जातो, मुद्दलाला फारसं काही उरत नाही. अनेक बँकांनी काय केलं? हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. कित्येकांना ते तेव्हा कळलंही नाही, कारण खात्यातून कापली जाणारी रक्कम बदललीच नव्हती. वीस वर्षांचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे निवडू द्या, फिक्स्ड दरावर जायचा पर्याय द्या, आणि मुदत इतकी वाढवू नका की हप्त्यात व्याजसुद्धा भागणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर चावी आणि संस्कारांचा फॉरवर्ड आला, की खाली वॉशिंग्टनच्या त्या इमारतीचे दोन आकडे टाका. आणि आज रात्री बँकेचं ॲप उघडून लोनच्या पानावर जा. हप्ता सगळ्यांना पाठ असतो. 'उर्वरित महिने' हा आकडा पाहा, आणि मंजुरीपत्रात लिहिला होता त्याच्या शेजारी ठेवा.